अर्धी पितळी पाटी आणि कोल्हापूरची मीटरगेज

गुरुवार

मिरज ते कोल्हापूर हा एकोणतीस मैलांचा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधला. १८८८ मध्ये कामाचा शुभारंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. तेव्हा ते जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे. दत्तक येऊन चार वर्षं झाली होती, राज्याभिषेक व्हायला अजून सहा वर्षं होती. एप्रिल १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एका गाडीचं छोटं मॉडेल मला पितळेत करायचं आहे. इंजिन, टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी), मालडबे, सगळं धरून.

इंजिनाचा साधारण आराखडा घरबसल्या मिळतो. पण ‘साधारण इंजिन’ रुळावर कधी धावत नाही. जे धावतं त्याला नंबर असतो, कुठल्या तरी शेडची माणसं त्याची देखभाल करत असतात आणि त्याच्यामागे ठरावीक माल असतो. हे सगळं शोधायचं तर कोल्हापूर गाठायलाच हवं होतं.

कल्याणहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. पहाटे मिरजेला जागी झाले आणि मग डोळा लागलाच नाही. मिरज हे रेल्वेवेड्या माणसाचं तीर्थच म्हणायला हवं. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज इथे १८८७ च्या सुमारास आली, चार वर्षांत कोल्हापूरचा फाटा फुटला, १९२७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज येऊन पोचली आणि १९७१ मध्ये पुण्याहून ब्रॉडगेज. पुढे कित्येक वर्षं तीन गेज एकाच स्टेशनात नांदत होते. आता सगळीकडे ब्रॉडगेज. प्लॅटफॉर्मवर चहा घेताना मी उगाचच रुळांकडे बघत बसले.

मिरज सोडलं की कृष्णेचा पूल, मग जयसिंगपूर. हे गावच शाहू महाराजांनी रेल्वेच्या कडेला आखून वसवलं आणि वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं, नाव त्याला दिलं. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, खिडकीतूनसुद्धा आखणी कळते. पुढे हातकणंगले, रुकडी, आणि रुकडी सुटली की पंचगंगेचा पूल. दोन्ही बाजूंना ऊस. मी दाराशी जाऊन उभी राहिले. सव्वाशेहून अधिक वर्षं गाडी ह्याच वाटेने नदी ओलांडते आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी चढलं तेव्हा मिरज-कोल्हापूर गाड्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. नदीच्या पुढे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इथल्या छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत राहिली. त्यांनी पाहिलेली कोल्हापूरची गाडी मीटरगेजचीच. कुणी त्यांच्यातल्या पोरांनी काढलेली आगगाडीची चित्रं जपली असतील तर काय बहार येईल, असं मनात येऊन गेलं.

मग गूळ मार्केट नावाचा थांबा. स्टेशनाला गुळाचं नाव! हे नाव पुढे सोमवारी फार उपयोगी पडलं.

श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला उतरले. रूळ इथे संपतात. शेवटच्या स्टेशनाचं नेपथ्य मॉडेलवाल्याला सोयीचं, कारण एका बाजूला गाडी कुठून येते ते लपवलं की काम भागतं. राजारामपुरीत आत्याकडे पोचले तर तिने दारातच विचारलं, “इंजिन बघायला आलीस? इथं कुठलं आलंय इंजिन आता?” आणि उत्तराची वाट न बघता मिसळ आणायला पोराला पिटाळलं.

दुपारी आत्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून प्रमाण पुन्हा तपासलं. मीटरगेजसाठी दोन रस्ते आहेत. १:२२.५ प्रमाण घेतलं तर ४५ मिलिमीटरचा ट्रॅक चालतो. मॉडेल देखणं होतं, पण पाच-सहा डब्यांची गाडी घरात मावत नाही. १:३२ घेतलं तर एक मीटर म्हणजे ३१.२५ मिलिमीटर, आणि ३२ मिलिमीटरचा ट्रॅक तयार मिळतो. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. मी १:३२ वर ठाम आहे.

इंजिन कोणतं, याबद्दल थोडं. त्या काळी हिंदुस्थानातल्या मीटरगेजवर जिकडे तिकडे ‘एफ’ वर्गाची इंजिनं होती. सहा चाकं, सहाही जोडलेली, पुढेमागे आधाराची चाकं नाहीत. चौकट चाकांच्या बाहेरून, त्यामुळे चाकं आत दडलेली आणि दांडे मात्र बाहेर फिरताना दिसतात. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात बनलेलं एफ-७३४ हे हिंदुस्थानात तयार झालेलं पहिलं इंजिन मानतात, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मापांसाठी मला तेच आधाराला आहे. पण ते अजमेरचं. कोल्हापूरच्या गाडीला जुंपलेलं इंजिन कुठल्या कारखान्यातून आलं, हा माझा प्रश्न.

शुक्रवार

पुराभिलेखागारात अर्ज, ओळखपत्र, कशासाठी बघायचं आहे त्याचा खुलासा. माणसं मदतीला तत्पर होती. “रेल्वे” म्हटल्यावर तिथल्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “इंजिन न्हाई हं सापडायचं. जमिनी सापडतील.”

अगदी तसंच झालं. संस्थानचे जुने कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की त्यात रमायला होतं. इंग्रजीत छापलेले संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवाल त्यामानाने सोपे. दोन्हीकडे रेल्वे म्हणजे जमीन, उत्पन्न, मालवाहतूक. इंजिनाचा शब्द नाही.

कारण साधं आहे, आणि ते नीट उमगल्यावर माझा सगळा शोधच सरळ झाला. रेल्वे संस्थानची होती, पण चालवायला दिली होती सदर्न मराठा रेल्वे कंपनीला. जमीन, पूल, रूळ, स्टेशनं यांचा हिशेब कोल्हापूरच्या दप्तरात राहिला. इंजिनं कंपनीची. त्यांची दुरुस्ती हुबळीच्या कारखान्यात, कंपनीचं मुख्य ठाणं धारवाडला. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली. प्रत्येक वेळी इंजिनांना नवे नंबर, नवी अक्षरं, आणि कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. इंजिनाची कुंडली कोल्हापुरात मिळणारच नव्हती. कोल्हापुरात मिळणार होतं ते इंजिनाचं काम: काय ओढलं, किती ओढलं, कुणासाठी ओढलं.

शाहू महाराज स्वतः १८९० पासून काही वर्षं धारवाडला शिकायला होते. म्हणजे ज्या गावातून कोल्हापूरच्या गाडीचा कारभार चाले, त्याच गावात कोल्हापूरचे छत्रपती इंग्रजी, इतिहास आणि राज्यकारभार शिकत होते. पुढे १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली ती स्टेशनाला लागून. रेल्वे कशासाठी हवी ते त्यांना नेमकं कळलेलं होतं.

संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरात गेले. १८५० पासूनचं ग्रंथालय, रेल्वेहून एकेचाळीस वर्षांनी थोरलं. तिथे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड मागितला. तो १८८६ चा, म्हणजे गाडी यायच्या पाच वर्षं आधीचा, आणि माझ्या दृष्टीने तीच त्याची किंमत. रेल्वेआधीचं कोल्हापूर त्यात आहे: बैलगाड्या, घाटरस्ते, आठवड्याचे बाजार. गाडीने काय बदललं ते कळायला आधीचं चित्र डोळ्यांसमोर लागतं. वाचता वाचता दिवे लागले, आणि बाहेर पडले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. तांबडा-पांढरा रस्सा. त्याबद्दल मी लिहिणार नाही, लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे.

शनिवार

आत्याच्या यजमानांच्या ओळखीने उद्यमनगरात एका फाउंड्रीत गेले. कोल्हापूरचं ओतकाम ऑइल इंजिनांवर वाढलं. उसाला पाणी द्यायला पंप हवा, पंपाला इंजिन हवं, इंजिनाला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणारा हवा. आज इथून मोटारींचे भाग देशभर जातात. मला हवं होतं जेमतेम पंचवीस मिलिमीटर उंचीचं धुराडं.

फाउंड्रीच्या मालकांना सगळे आण्णा म्हणतात. पंच्याहत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, बोटांची नखं अजून काळी. माझं ड्रॉइंग त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

“ताई, हे येवढंसं वाळूत न्हाई बसायचं. मेणाचं करा. पण प्याटर्न मी सांगतो तसा करा.”

आणि त्यांनी मला पितळेचा संकोच समजावला. ओतलेलं पितळ थंड होताना शंभराला साधारण दीड या हिशेबाने आकसतं. बीड त्याहून कमी, शंभराला एक. म्हणून प्याटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणाऱ्याची पट्टीच निराळी असते: तिच्यावर इंच म्हणून खूण असते ती खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठी. पंचवीस मिलिमीटरला दीड टक्का म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. “येवढ्यानं काय व्हतंय म्हणाल,” आण्णा म्हणाले, “पण ओठ बिघडतोय.” त्यांनी धुराड्याच्या वरच्या काठावर बोट फिरवून दाखवलं. जुन्या इंजिनांच्या धुराड्याचा वरचा काठ बाहेरच्या बाजूला उमलतो. तो घाट ज्याला साधला त्याचं इंजिन जुनं दिसतं. बाकी सगळं मापात असून तो चुकला तर इंजिन कुठल्याही काळाचं वाटतं. हे त्यांनी मला न सांगता कळलेलं होतं, आणि रेल्वेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

म्हणजे, मला तसं वाटत होतं. निघायला उठले तर आण्णा म्हणाले, “थांबा की. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई. आन् एक दाखवतो.”

हपीसच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या खालच्या फळीवर, कुंकवाच्या कोयरीशेजारी, एक पितळेचा तुकडा ठेवलेला. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिला.

चौकोन कोनावर उभा केला तर जसा दिसतो तशा आकाराच्या पाटीचा वरचा अर्धा भाग. मधोमध करवतीने कापलेला, कापल्याच्या रेषा अजून स्पष्ट. कडेला उठावाची पट्टी, आत उठावाची अक्षरं. घासून घासून त्यांच्या कडा गोल झालेल्या. मी पाटी खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरली. पहिलं अक्षर डी. पुढचं यू, आणि यूच्या डोक्यावर दोन टिंबं.

माझे हात थरथरले, हे लिहायला मला संकोच नाही.

अशी सुरुवात असलेलं इंजिन बनवणाऱ्याचं एकच नाव मला ठाऊक आहे: ड्यूब्ज. हेन्री ड्यूब्ज हा जर्मनीतून आलेला कारागीर. त्याने १८६० च्या दशकात ग्लासगोत स्वतःचा इंजिनांचा कारखाना काढला. त्याच्या कारखान्याची पाटी अशी कोनावर उभ्या चौकोनाची असे, इतरांच्या बहुधा गोल किंवा लंबगोल. १९०३ मध्ये ड्यूब्ज, नील्सन रीड आणि शार्प स्टुअर्ट या ग्लासगोच्या तीन कारखान्यांची मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. नव्या कंपनीने हा आकार पुढे चालवला, अगदी स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आलेल्या मीटरगेजच्या वायपी इंजिनांपर्यंत. त्यामुळे नुसत्या आकारावरून काळ ठरत नाही. पण नाव ड्यूब्जचं असेल तर पाटी १९०३ च्या आधीची. दोन टिंबांनी एवढं सांगितलं.

आण्णांच्या वडिलांनी मीटरगेज मोडली तेव्हा भंगाराचा एक लॉट घेतला होता. पितळ वितळवायला म्हणून कापायला घेतलं, अर्ध्यात वडिलांनी कामगाराला थांबवलं. “का थांबवलं ते त्यांनी सांगितलं न्हाई आन् आम्ही इचारलं न्हाई. अर्धं भट्टीत गेलं हुतं.”

नंबर आणि साल खालच्या अर्ध्यात असणार. ते भट्टीत गेलं.

मी पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, कडेची लांबी, जाडी, अक्षरांची उंची मोजली, स्क्रूची वरची दोन भोकं मोजली. एका भोकात पाटी बसवताना वापरलेल्या स्क्रूचं तोंड अजून अडकलेलं आहे, मळाने काळं पडलेलं. ही पाटी कोल्हापूरच्याच गाडीच्या इंजिनाची, असं मी म्हणणार नाही. भंगार हुबळीहून आलेलं असेल, कुठूनही आलेलं असेल. पण ड्यूब्जचं एक इंजिन या मुलखाच्या मीटरगेजवर राबलं आणि त्याच्या अंगावरचं पितळ कोल्हापुरात देवांच्या फळीवर आहे, एवढं माझ्या हातात आलं.

माझ्या मॉडेलवर ड्यूब्जची पाटी लागेल. नंबराची जागा मी कोरी ठेवणार. सुबक दिसावं म्हणून कुठला तरी नंबर कोरणारे खूप आहेत, आणि एकदा मॉडेलवर नंबर आला की पाच वर्षांत तो कुणाच्या तरी लेखात पुरावा म्हणून येतो. ते पाप मला नको.

टेंडरच्या पत्र्यावरच्या रिव्हेटसाठी आण्णांनी हुपरीचा रस्ता दाखवला. हुपरीला चांदीचं काम चालतं, पैंजण, घुंगरं. पत्र्याला मागून ठोकून बारीक टिपके उठवणारे हात तिथे मिळतील, म्हणाले. पुढच्या वेळी.

रविवार

एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांकडे दुपार गेली. वय ऐंशीच्या पुढे. विशीत क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मिरज-पुणे मीटरगेजवर वायपी आणि वायजी इंजिनांवर कोळसा टाकला. वायपी म्हणजे पॅसेंजरचं इंजिन, मोठी चाकं साडेचार फुटांची. वायजी मालगाडीचं, आठ जोडचाकांचं, चाकं चार फुटांची. माझ्या एफपेक्षा ही इंजिनं दोन पिढ्यांनी धाकटी. तरी मी गेले, कारण आग, पाणी आणि तेल यांचे नियम १८९१ मध्येही तेच होते.

त्यांचं जुनं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या पुरात माळ्यापर्यंत पाणी, फोटोंचे दोन अल्बम गेले. “पोरांनी टीव्ही वाचवला,” एवढंच म्हणाले. पंचगंगेने असे किती अल्बम नेले असतील. ज्यांच्याकडे अजून काही शिल्लक आहे त्यांनी ते आजच्या आज मोबाइलवर टिपून ठेवावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मी टेंडरचं मातीचं कच्चं मॉडेल नेलं होतं, वर काळ्या खडीचा ढीग केलेलं. काकांनी बघितलं आणि खडी बोटाने पुढच्या बाजूची उकरून काढली.

“मिरजंत भरल्यावर असं आसतंय. कोल्हापूरला पोचल्यावर म्होरली बाजू खाली बसतीया. आम्ही म्होरनंच वढतोय न्हवं? तुमची गाडी निघालीया का पोचलीया, ते आधी ठरवा.”

हा प्रश्न मला कधी सुचलाच नसता. ठरलं: माझी गाडी कोल्हापूरहून निघालेली, मिरजेकडे तोंड, टेंडर निम्मा.

मग रंग. मॉडेलवाले इंजिन एकतर चकचकीत करतात नाहीतर सरसकट काजळी फासतात. काका म्हणाले, क्लीनरच्या हातात तेलाचं बोळं असायचं, हात पोचेल तिथवर इंजिन पुसलेलं असायचं. म्हणजे बॉयलरच्या कडा तेलकट, तुकतुकीत. वरचा माथा, जिथे हात पोचत नाही, तो राखेने फिका. आणि स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीच्या, गोल दाराचा खालचा भाग जळून तांबूस. आत निखाऱ्याची राख साचते, दाराला चिकटून धुमसते, रंग भाजतो. एका इंजिनावर काळ्याचे तीन-चार प्रकार. ते सांगत होते आणि मी वहीत इंजिनाचं चित्र काढून भाग पाडत होते.

कोळशाबद्दल त्यांनी फावडं नसताना हातवारे करून दाखवलं. ढीग घालायचा नाही, पातळ पसरायचा, दारामागच्या दोन कोपऱ्यांत थोडा जास्त. धूर काळा झाला की ड्रायव्हरची मान वळलीच म्हणून समजा.

“आन् पानी,” काका पुढे सरसावून बसले. “चढाला काचंत पानी भरपूर दिसतंय. त्याला भुलायचं न्हाई. माथा वलांडला की पानी म्होरं पळतंय, आन् फायरबॉक्सचं डोस्कं उघडं पडतंय. खाली आग, वर पानी न्हाई. मग शिशाचा प्लग वितळतोय आन् वाफ आगीत. प्लग वितळला म्हंजे फायरमनची अब्रू गेली.”

त्यांच्या प्लगच्या गोष्टी तास-दीड तास चालल्या. मी निघताना त्यांनी विचारलं, इंजिनाला पुढे धक्का झेलणारे दोन बफर लावणार का एक. एकच, मधला, मी म्हटलं. मीटरगेजला मधोमध एक बफर आणि त्याच्यावर आकडा. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. काकूंनी ओटी भरली.

सोमवार

सकाळी शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे. जानेवारी, हंगाम भरात. ओळीने मांडलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बारदानावर उघडे, त्यांच्यामधून अडते आणि व्यापारी फिरतात, कुणी नखाने टवका काढून जिभेवर ठेवतो, कुणी नुसता रंग बघतो. सगळ्या यार्डात काकवीचा गोड, जळकट वास.

संस्थानच्या अहवालांत गाडीने काय ओढलं त्याचं उत्तर इथे जमिनीवर मांडलेलं होतं. तीस किलोच्या रव्याजवळ बसून मी टेप लावली. खाली रुंद, वर निमुळता, उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर, तळाची रुंदी तेहतीसच्या आसपास. १:३२ मध्ये आठ मिलिमीटर उंच, दहा मिलिमीटर रुंद. हमालांनी थोडा वेळ बघितलं. एकाने विचारलं, “गूळ घ्यायचाय का मोजायचाय, ताई?” दोन्ही, म्हटलं.

तिथल्या एका वयस्क अडत्यांना विचारलं, पूर्वी रवा असाच असायचा का. घाट वडिलांच्या वेळेपासून हाच, म्हणाले. पण रंगावर त्यांनी मला थांबवलं. बाजारात पिवळाधमक गूळ उठतो म्हणून आता रस रसायनाने उजळवतात. भेंडीच्या पाण्याने मळी काढून नुसता आटवलेला गूळ काळपट तांबडा होतो. “तुमच्या गाडीचं साल कुठलं? मग पिवळा रंग देऊ नका.” त्यांनी मला शेजारच्या ओळीतला एक गडद रवा दाखवला, त्याच्या कडेचा तुकडा तोडून कागदात बांधून दिला. रंग जुळवायला. पैसे घेतले नाहीत.

मी मुळात नुसते मालडबे दाखवणार होते, दारं बंद. आता एक डबा दार उघडा ठेवून करायचा, आत रव्यांची थप्पी, रुळाशेजारी बैलगाडी, उतरवलेलं ओझं. इंजिनाला जेवढे तास देणार तेवढेच त्या डब्याला. इंजिन ग्लासगोहून आलं, हुबळीला दुरुस्त झालं, मालक कंपनी. त्या गाडीतलं कोल्हापूरचं जे होतं ते ह्या डब्यात होतं.

संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन स्टेशनवर आले. महालक्ष्मी सुटायला अवकाश होता. बाकावर बसून पत्राचा मसुदा लिहिला. ड्यूब्ज आणि नॉर्थ ब्रिटिशची ड्रॉइंग्ज आणि कारखान्याचे कागद आज ग्लासगोच्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात आणि मिचेल लायब्ररीत आहेत. दोन्हीकडे एकच विचारणा: १९०३ पूर्वी सदर्न मराठा रेल्वेसाठी ड्यूब्जने बनवलेल्या मीटरगेज इंजिनांची ऑर्डर, त्यांचे नंबर आणि मिळालं तर धुराड्याचं ड्रॉइंग. सोबत आण्णांच्या पाटीच्या ठशाची प्रत आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. आण्णांना फोन करून ठशाची प्रत पाठवू का म्हणून विचारलं. “पाठवा की. आन् खालचा अर्धा त्यांच्याकडं असंल तर मागून घ्या,” म्हणाले.

प्याटर्नसाठी सागाचा तुकडा त्यांनी बाजूला काढून ठेवला आहे. मी रव्यांचे साचे आधी करणार, फेब्रुवारीत.